कणगी रिकामी का होते?



आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. पिंप्राळा हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव; आता ते जळगाव शहराच्या हद्दीत आले आहे. तरी रथाच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसे तेथे जमतात, पांडुरंगाचे नाव घेतात आणि घरोघर उपवास असतो. हा उपवास आपण श्रद्धेने करतो. परंतु त्याच महिन्यात आपल्या खानदेशातल्या पुष्कळ घरांत आणखी एक उपवास चालू असतो. त्याला तिथी नसते, आणि तो कोणी हौसेने करीत नाही. या दुसऱ्या उपवासाविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

आषाढातच हे का घडते? आपल्या शेतीचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. मृगाचा पाऊस पडला की पेरणी होते. बियाणे, खत, औत, निंदणी असा खर्चावर खर्च सुरू होतो. पीक मात्र अजून वीतभर असते. खरिपाची ज्वारी-बाजरी घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. कापसाचे बोंड फुटायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घरातून जाते पुष्कळ आणि घरात येते थोडे. गेल्या वर्षीची कणगी तोवर तळाला गेलेली असते. शिवाय पावसाची झड लागली की मजुराचा रोजही बुडतो. याच दिवसांत कष्ट अधिक, हवा दमट, दुखणीबाणी जास्त आणि ताटात भाकरी कमी. अशी चहूबाजूंनी कोंडी होते.

आता थोडा हिशेब करू. हिशेब म्हटला की आपण कंटाळतो, पण हा पोटाचा हिशेब आहे. समजा, घरात पाच माणसे आहेत, त्यांत दोन लहान. माणशी सरासरी साडेतीनशे ग्रॅम धान्य धरले, तर दिवसाला पावणेदोन किलो लागेल. महिन्याला साधारण साडेबावन्न किलो, आणि वर्षाला सव्वासहा क्विंटलांच्या पुढे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. म्हणजे या घराला पंचवीस किलो. अंत्योदय कार्ड असेल तर घरटी पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत केले गेले. त्याचा आधार मोठा आहे, यात शंका नाही. पण प्राधान्य कार्डाच्या घरात महिन्याला साडेसत्तावीस किलोंची तूट उरतेच. शिवाय डाळ, तेल, मीठ, मिरची, दूध आणि भाजी यांचा हिशेब आपण अजून धरलेलाच नाही.

ही तूट एक-दोन एकरांच्या जिरायत रानातून भरून निघणार नाही का? पुष्कळदा निघू शकते. परंतु अडचण आहे ती विकण्याच्या वेळेची. दिवाळीला धान्य घरात आले की देणेकरी दारात उभे राहतात. दुकानदाराची उधारी, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न. मग धान्य खळ्यावरूनच बाजारात जाते. त्या वेळी सगळ्यांचेच धान्य बाजारात येते, म्हणून भाव पडलेला असतो. आषाढात तोच शेतकरी गिऱ्हाईक होऊन बाजारात जातो, तेव्हा भाव चढलेला असतो. समजा, कार्तिकात त्याने दोन क्विंटल ज्वारी अडीच हजारांच्या भावाने विकली. पाच हजार हाती आले. आषाढात तेवढीच ज्वारी बत्तीसशेंच्या भावाने घेतली. सहा हजार चारशे गेले. चौदाशे रुपये बुडाले. साडेतीनशे रुपये रोज धरला तर हे चार दिवसांचे कष्ट झाले. म्हणजे स्वतःच्याच रानात पिकलेली ज्वारी परत घरात आणण्यासाठी या माणसाला चार दिवस राबावे लागले. मग त्यासाठी उचल घ्यावी लागली तर व्याज वेगळे!

भूमिहीन मजुराची गोष्ट याहून अवघड आहे. खानदेशात सालदारकीची जुनी चाल आहे. आखाजीला साल ठरते आणि पुढच्या आखाजीला संपते. पूर्वी सालदाराच्या ठरावात रोख रकमेबरोबर धान्यही असे, आणि कापणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी कणसांत मिळे. त्या पद्धतीत जाच पुष्कळ होता आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीपण कणगीत दाणा पडत असे. आता मजुरी रोख मिळते. रानात ज्वारीच्या जागी कापूस आला. जळगाव जिल्ह्याच्या खरिपात आज सर्वांत मोठे क्षेत्र कापसाचेच आहे. रोख पैसा वाईट नव्हे. पण पैशाला पाय असतात आणि भावाला पंख. कापसाचा भाव पडला किंवा दाण्याचा चढला, की दोन्ही वेळी मार मजुराच्या ताटालाच बसतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. भूक आणि धान्याची टंचाई या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण समजतो. तसे नेहमी नसते. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्या दुष्काळाची तपासणी केली. त्यांना असे दिसले की त्या वर्षी बंगालमधले धान्य आधीच्या वर्षांपेक्षा फारसे कमी नव्हते. भाव मात्र आकाशाला भिडले होते, आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या मजुरीत ते धान्य विकत घेण्याची ताकद राहिली नव्हती. दुकानात पोती असतात आणि माणूस दुकानाबाहेर उपाशी असतो. म्हणून एखाद्या घराला अन्नाची शाश्वती आहे की नाही, हे पाहताना दोन प्रश्न विचारावे लागतात. गावात दाणा आहे का? आणि तो घेण्याइतके या घराच्या हाताला काम आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्राने देशाच्या आधी शोधले. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो. लागोपाठ पाऊस हुकला, विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली. बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि मुलांना वाटलेली सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवर राहिली. परंतु बंगालसारखी माणसे मेली नाहीत. याचे मोठे कारण म्हणजे सरकारने गावोगाव कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध. १९७३ च्या उन्हाळ्यात, काम अगदी भरात असताना, सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती. हातात मजुरी आली, आणि मजुरीच्या ओढीने धान्यही मागोमाग खेड्यात आले.

या कामांमागचा विचार वि. स. पागे यांचा. ते विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर येथे झाला. पुढे १९७२ मध्ये ती योजना राज्यभर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेला पैसा कोठून आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९७५ च्या कायद्याने नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला, तो याच कामासाठी. शहरातल्या माणसाच्या पगारातून थोडे कापले गेले आणि त्यातून खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळाले. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला व घरटी वर्षाला शंभर दिवसांची हमी मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला; त्यात दिवस एकशेपंचवीस धरले आहेत. नियम असे बदलत असतात, म्हणून ताजी माहिती ग्रामपंचायतीत विचारून घ्यावी. पण एक गोष्ट पक्की गाठीशी बांधा. काम तोंडी मागू नका. मागणी लेखी करा आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर मागणी केलीच नाही असे धरले जाते, आणि हमी कागदावरच राहते.

या कामांतून काय उभे राहते, इकडेही गावाने लक्ष दिले पाहिजे. रस्त्यावर टाकलेली खडी दोन पावसाळ्यांत उखडते. नाल्यावरचा बांध, शेताची बांधबंदिस्ती, विहिरीचे पुनर्भरण ही कामे मात्र आज मजुरी देतात आणि उद्या पाणी देतात. जळगाव भागात पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो, आणि तोही चार महिन्यांत. रावेर-यावलकडे केळीसाठी विहिरी आणि कूपनलिका किती खोल गेल्या, हे आपण पाहतोच. पाणी उपसणाऱ्याचा विचार पुष्कळ झाला. मुरवणाऱ्याचा विचार कमी झाला.

पाणी वाटून खाण्याची एक फार शहाणी रीत आपल्याच खानदेशात आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी तिला फड पद्धती म्हणतात. ती काही शतकांची जुनी आहे. नदीवर दगडी बंधारा घालतात, त्यातून पाट काढतात आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडतात, बहुधा चार. एका फडात एका वर्षी एकच तऱ्हेचे पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात दुहंगामी पीक, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि वर्षागणिक ही पाळी फिरते. खरी खुबी पुढेच आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी एकाच फडात नसतात; बहुतेकांचा तुकडा निरनिराळ्या फडांत असतो. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी पंच बसून ठरवतात की अमुक फडाला पाणी द्यायचे आणि अमुक फड कोरडा ठेवायचा. त्यामुळे टंचाई आली तरी एकच माणूस पुरता बुडत नाही आणि एकट्याचीच चैन होत नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. नद्यांवर वरच्या बाजूस धरणे झाली, विहिरी वाढल्या, तशी ही पद्धती पुष्कळ ठिकाणी मागे पडली. परंतु तिच्यातले तत्त्व जुने झालेले नाही. पाण्याचा हिशेब गावाने आधी करायचा आणि पीक मागाहून ठरवायचे. आपण आज नेमके याच्या उलट करतो.

आता घराकडे वळू. भगिनींनी विशेष लक्ष द्यावे.

आपल्याकडे कळण्याची भाकरी करतात. ज्वारीत उडीद मिसळून दळायचे आणि वर ठेचा किंवा वांग्याचे भरीत. शास्त्र काय सांगते पाहा. आपल्या अंगाला जी प्रथिने लागतात त्यांचे काही घटक ज्वारीत कमी असतात, ते उडदात भरपूर असतात. उडदात जे थोडे कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसऱ्याने पुरी होते. कुणा आजीने हे पुस्तकात वाचले नव्हते. तिने माणसे पोसून पाहिली होती. आज रेशनवर गहू-तांदूळ मिळतात म्हणून ज्वारी, बाजरी, उडीद, मूग घरातून उठून जाऊ लागले. पोट भरते, पण पोषण होत नाही. लहान मूल आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत हा फरक सर्वांत महाग पडतो. भरड धान्याचे मोल जगालाही उशिरा कळले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष त्यासाठी साजरे केले.

म्हणून कापूस लावणाऱ्या शेतकरी बंधूंना माझी सूचना अशी की, सगळे रान कापसाला देऊ नका. कापसात मूग-उडदाच्या ओळी धरा, बांधाला तुरीचे तास धरा. मुगाचे पीक साठ-सत्तर दिवसांत येते. मृगात पेरलेला मूग श्रावण-भाद्रपदात हाती लागतो. कणगी तळाला गेलेली असताना घरात पहिला दाणा मूग-उडदाचाच येतो. शिवाय ही पिके जमिनीला नत्र देतात. कापूस बुडाला तरी वरण बुडत नाही. एक-दोन तास ज्वारीचे ठेवले तर जनावराला कडबाही होतो.

भुईमुगाचे एक उदाहरण आपल्या जळगावला भूषणावह आहे. येथल्या संशोधन केंद्रात जेएल २४ नावाचे वाण निवडून काढले गेले. त्या नावातली पहिली दोन अक्षरे जळगावची. फुले प्रगती या नावाने शेतकरी ते ओळखतात. ते लवकर तयार होते, हा त्याचा मोठा गुण. पाऊस लवकर उघडणाऱ्या मुलखात असे वाण हात देते. हेच वाण पुढे आफ्रिकेत गेले. मलावी देशात त्याला काकोमा म्हणतात. तेथलाही गरीब शेतकरी आपल्यासारखाच आभाळाकडे पाहून पेरतो. आपल्या काळ्या मातीत निवडलेला दाणा त्याच्या उपयोगी पडला.

पिकवलेले टिकवणे हे दुसरे अर्धे काम. कीड आणि बुरशी यांनी खाल्लेले धान्य कोणत्याही हिशेबात दिसत नाही, पण ते आपल्याच ताटातले असते. धान्य कडक उन्हात वाळवा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे असे समजा. वाळवलेले धान्य थंड होऊ द्या आणि मगच भरा, नाहीतर आत घाम धरतो. कोठी भिंतीला चिकटून आणि जमिनीवर ठेवू नका. खाली फळी द्या. झाकण घट्ट असू द्या, कारण हवा कोंडली की किडा जगत नाही. कडुलिंबाचा पाला घालण्याची रीतही चांगली. भुईमुगाच्या शेंगांना बुरशी धरली तर त्या निवडून टाकून द्या. ती बुरशी विषारी असते; ते दाणे मुलांना देऊ नका आणि जनावरांनाही घालू नका.

एकट्याने जे जमत नाही ते दहा घरे मिळून जमते. आपल्या बचत गटांनी पैशाबरोबर धान्याचीही बचत का करू नये? दिवाळीला प्रत्येक घराने दहा-वीस किलो ज्वारी गटाच्या कोठीत टाकावी. आषाढात ज्याला लागेल त्याने उचलावी आणि पुढच्या दिवाळीला किलोमागे मूठभर जास्त घालून परत करावी. ती मूठ गटाचीच राहते. सावकाराची पायरी टळते आणि चढ्या भावाने खरेदी करणेही टळते. अट एकच. वही रोज लिहिली पाहिजे आणि कोठीच्या किल्ल्या दोघींकडे असल्या पाहिजेत. विश्वास असतोच, पण वहीमुळे तो टिकतो. उन्हाळ्यात आपल्या बाया बिबडे आणि पापड करतात. घरापुरते करतातच; गटाने मिळून केले तर पावसाळ्याच्या तोंडावर चार पैसे हाती राहतात.

मिळून काय होते, याचे जिवंत उदाहरण साक्री तालुक्यातले बारीपाडा. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला हा आदिवासी पाडा आहे. जंगल तुटले, झरे आटले, माणसे कामासाठी बाहेर जाऊ लागली. १९९० नंतर चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखायचे ठरवले. कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठेवला, बांध घातले. सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले. पाणी मुरले, विहिरींना पाणी आले. मग चारसूत्री पद्धतीने भात लावला गेला आणि उत्पन्न वाढले. जंगलात रानभाज्या परतल्या, आणि त्या ओळखण्याची व रांधण्याची स्पर्धा गावात भरू लागली. पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पण त्याआधी तीस-पस्तीस वर्षे गावाने आपलाच नियम आपल्यावर पाळला, हे विसरू नये. रानभाजी ही गरिबाची आषाढातली भाजी. फांदी, तरोटा, आघाडा, शेवग्याचा पाला यांना आपण कमी लेखतो, आणि त्यांतच मुलांना हवे असलेले लोह व जीवनसत्त्वे असतात.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. वर सांगितलेला हिशेब आपल्या सातवी-आठवीच्या वर्गात मुलांकडून करून घ्या. घरात माणसे किती, महिन्याला धान्य किती लागते, रेशनवर किती येते, कोणत्या महिन्यात विकले आणि कोणत्या महिन्यात विकत घेतले. मुलांना नावे सांगायला लावू नका. गरिबी चव्हाट्यावर आणण्याचे कारण नाही. आकडे फळ्यावर आले म्हणजे बारा महिन्यांपैकी कोणते महिने अडचणीचे, हे सगळ्या वर्गाला दिसेल. त्रैराशिक आणि टक्केवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते? तो तक्ता पुढच्या ग्रामसभेत नेऊन ठेवा. कामे केव्हा काढायची, कोठी केव्हा उघडायची, रेशनचे धान्य वेळेवर आले की नाही, या प्रश्नांना मग अंदाजाने उत्तरे द्यावी लागणार नाहीत.

श्रोतेहो, दुष्काळ आला की त्याचा गाजावाजा होतो, मंत्री येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. आषाढातली भूक दर वर्षी येते आणि गुपचूप जाते. आई आपली भाकरी अर्धी करते आणि मुलांना सांगते, मला भूक नाही. तिच्या त्या बोलण्यावर गावाने विश्वास ठेवू नये. कार्तिकात भरलेली कोठी, लेखी मागितलेले काम, रानातल्या चार ओळी मुगाच्या आणि पंचांनी मिळून वाटलेले पाणी, एवढी तयारी आपल्या हातातली आहे. यंदाची दिवाळी आली की कोठीपासून सुरुवात करा.